सांत्वन न करणारे मित्र : शोककथांमधल्या विजोड जोड्या

निळी_शाई (धागाकर्ती)

आमच्या वाचनगटाने या महिन्यात शेल्बी व्हॅन पेल्ट या अमेरिकन लेखिकेची 'रिमार्केबली ब्राइट क्रीचर्स' ही २०२२ सालची कादंबरी घेतली होती. गटात सरळ दोन तट पडले, वाद काही मिटला नाही, म्हणून इथे धागा काढते आहे. रहस्यभेद होणारच आहे. ज्यांना कादंबरी कोरी वाचायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं.

गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंड या खाडीच्या काठी सोवेल बे नावाचं एक काल्पनिक गाव. तिथल्या छोट्याशा मत्स्यालयात सत्तर वर्षांची टोव्हा सलिव्हन रात्री फरशा पुसते, टाक्यांच्या काचा लख्ख करते. पैशांची गरज नाही, हाताला काम हवं म्हणून. नवरा कर्करोगाने गेलेला. त्याच्या कितीतरी आधी, १९८९ मध्ये, एकुलता एक मुलगा एरिक अठराव्या वर्षी रात्री बोट घेऊन गेला तो आलाच नाही. मृतदेह मिळाला नाही. पोलिसांनी आत्महत्या ठरवून फाइल मिटवली, टोव्हाच्या मनाने ती कधीच मिटवली नाही.

या मत्स्यालयात मार्सेलस नावाचा जायंट पॅसिफिक ऑक्टोपस आहे. काही प्रकरणं तोच सांगतो आणि माथ्यावर आपल्या कैदेचा कितवा दिवस ते टाकतो. रात्री टाकीतून निसटायचं, शेजारच्या टाक्यांतला मेवा फस्त करायचा आणि उजाडायच्या आत परत, हा त्याचा उद्योग. एका रात्री तो वायरींच्या गुंत्यात अडकतो, टोव्हा त्याला सोडवते आणि तिथून दोघांचं जमतं.

आता मुद्दा. टोव्हाला मैत्रिणी नाहीत असं मुळीच नाही. वर्षानुवर्षं एकत्र विणकाम करणारा बायकांचा गट आहे, डबे घेऊन दारात उभं राहणारी माणसं आहेत, किराणा दुकानाचा मालक तर तिच्यावर जीवच टाकतो. सगळी भली. तरी ती मोकळी होते ती काचेपलीकडच्या एका आठ बाहूंच्या प्राण्यासमोर. का? आमच्या गटात एक म्हणाली, "तो बोलत नाही म्हणून." मला ते पुरेसं वाटत नाही. भिंतही बोलत नाही.

माझा नवरा जाऊन वर्ष होऊन गेलं. भेटायला येणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, माणसं आली, बसली, जेवण करून ठेवून गेली. पण तेव्हापासून मी सतत कुणाच्या तरी नजरेखाली आहे. हसले तर "सावरली बाई", रडले तर "अजून सावरली नाही". लग्नाला गेले तर एक, नाही गेले तर दुसरं. त्यांना तो माहीत होता, मी त्याच्याबरोबर कशी होते ते माहीत होतं, त्यामुळे माझ्याकडे बघताना ते शेजारची रिकामी जागाही बघतात. मार्सेलसला एरिक माहीत नाही, टोव्हा आधी कशी होती हेही माहीत नाही. त्याला दिसते ती आत्ता समोर फडकं घेऊन उभी असलेली बाई. तिने दुःख कसं करावं याबद्दल त्याला मत नाही. उलट त्याचंच अडलेलं असतं, त्याला सोडवणारं कुणीतरी हवं असतं.

तर माझं म्हणणं असं की अशा कथांतला हा विजोड मित्र सांत्वन करायला येत नाही म्हणूनच उपयोगी पडतो. पटतंय का? आणि तुम्हाला आठवणाऱ्या कथा सांगा, पण नुसती यादी नको. त्या मित्राने नेमकं *केलं काय* ते सांगा.

---

टोमणे_मोफत

आधी एक शंका. ऑक्टोपस निवेदक? माणसं संपली का लेखकांची?

दुसरी शंका गंभीर आहे. टोव्हाचं दुःख तीस वर्षांचं आणि लेखिका त्यावर उतारा काय काढते, तर नातू! कॅमेरॉन नावाचा तिशीचा, एकही नोकरी धड न टिकलेला पोरगा बापाला शोधत कॅलिफोर्नियातून नेमका याच गावात येतो, नेमका याच मत्स्यालयात लागतो आणि निघतो एरिकचा मुलगा. सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमात हे काम लॉकेट करायचं, इथे ऑक्टोपस करतो. ऐंशी टक्के पुस्तक शोकावर आणि शेवट बिछडे हुए मिल गये.

ज्यांच्या घरी असा नातू उगवणार नाही (म्हणजे आपण सगळेच) त्यांनी या पुस्तकाचं करायचं काय?

---

तिसरी_घंटा

रुमाल टाकून ठेवतोय. लोकलमध्ये आहे, रात्री सविस्तर लिहितो.

---

प्राणिमास्तर

मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, तेव्हा ऑक्टोपसची बाजू मांडणं आलं.

जायंट पॅसिफिक ऑक्टोपस साधारण तीन ते पाच वर्षं जगतो. हृदयं तीन, रक्त तांब्यामुळे निळसर. ऑक्टोपसच्या मज्जापेशींपैकी जवळपास दोन तृतीयांश बाहूंमध्येच असतात, म्हणजे डोक्याला विचारल्याशिवाय हातच बरंचसं ठरवून टाकतात. निसटण्याचं म्हणाल तर २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या नेपिअरमधल्या मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीच्या फटीतून बाहेर पडला, जमीन ओलांडून सांडपाण्याच्या नळात शिरला आणि थेट समुद्राला मिळाला. तेव्हा कादंबरीतली रात्रीची फेरी ही काही थाप नाही.

माणसं ओळखण्याचंही तसंच. सिॲटलच्या मत्स्यालयात याच जातीच्या ऑक्टोपसांवर झालेला एक प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एकसारख्या गणवेशातली दोन माणसं. एक रोज खाणं द्यायचा, दुसरा खरखरीत काठीने डिवचायचा. काही दिवसांतच ऑक्टोपस पहिल्याकडे सरकू लागले, दुसरा दिसला की मागे हटू लागले आणि पाण्याची पिचकारी मारायची नळी त्याच्या दिशेने रोखू लागले. अर्थात ओळखणं म्हणजे जिव्हाळा नव्हे. तेवढी उडी लेखिकेची आहे आणि कादंबरीकाराला ती माफ आहे.

टोमणेराव, तुम्ही नातवावर अडलात. मला त्यापेक्षा मार्सेलसचं वय महत्त्वाचं वाटतं. त्याचे दिवस भरत आलेत. हे त्याला माहीत आहे, टोव्हालाही पुढे कळतं. म्हणजे जिचा मुलगा निरोप न घेता गेला तिला लेखिकेने मुद्दाम असा मित्र दिला की जो जाणार हे आधीपासून ठरलेलं आहे. शेवटी ती स्वतःच्या हाताने त्याला समुद्रात सोडते. नातू नसता तरी मला हे पुस्तक पुरलं असतं.

---

निळी_शाई

मास्तर, हे आमच्या गटात कुणालाच सुचलं नव्हतं.

टोमणे_मोफत, नातवाचा योगायोग ढळढळीत आहे, मान्यच. पण नीट बघा, तो सापडायच्या आधीच टोव्हा बदलू लागलेली असते. सुरुवातीला ती घर विकून वृद्धाश्रमात जायची तयारी करत असते, आपल्या मागे कुणाला आवराआवर करावी लागू नये म्हणून. हा बेत ढासळायला लागतो तो माणसांच्या भानगडींत तिला नाइलाजाने लक्ष घालावं लागतं तेव्हापासून.

---

जुना_वाचक

विषय निघालाच आहे तर फ्रेड्रिक बाकमनच्या 'अ मॅन कॉल्ड ओव्हे'मधल्या ओव्हेला बाजूला ठेवून कसं चालेल? स्वीडिश मूळ कादंबरी २०१२ची, स्वीडिश सिनेमा २०१५चा, आणि मग २०२२ मध्ये टॉम हँक्सला घेऊन हॉलिवूडने तीच गोष्ट अमेरिकेत नेली. (माझं मत : सिनेमा बघायचाच तर स्वीडिश बघा. हँक्स चिडला तरी तो मनाने चांगला आहे हे पहिल्या मिनिटाला कळतं. ओव्हेबद्दल ते बराच वेळ कळता कामा नये.)

ओव्हे एकोणसाठ वर्षांचा. बायको सोन्या गेली, नोकरीही गेली. रोज सकाळी कॉलनीत फेरी मारतो, कुणी कुठे गाडी लावली, कचरा नीट वेगळा केला का, सगळ्यांवर खेकसतो. आणि घरी येऊन मरायची तयारी करतो. अगदी शिस्तीत, फरशी खराब होऊ नये म्हणून काळजी घेत. नेमक्या त्या वेळी समोर राहायला आलेलं कुटुंब ट्रेलर मागे घेताना त्याची पत्रपेटी चेपतं. त्यातली बाई परवानेह, मूळची इराणी, पोटुशी, दोन मुलींची आई.

निळी_शाई ताईंचा प्रश्न आहे केलं काय. परवानेहने सांत्वन केलं नाही, सोन्याबद्दल तर तिला सुरुवातीला काही ठाऊकच नव्हतं. तिने मागितलं. शिडी द्या. नवरा शिडीवरून पडला, दवाखान्यात सोडा. मुलींकडे जरा बघा. मला गाडी शिकवा. एका मांजरानेही मागितलं, न बोलता. दर वेळी ओव्हे दोरी नाहीतर गोळ्या बाजूला ठेवून, शिव्या घालत दार उघडतो, कारण काम अर्धवट सोडणं त्याच्या रक्तात नाही. वरवर विनोदी आहे, पण बाकमनने माणूस अचूक पकडलाय. आमच्या पिढीतल्या पुरुषांना "मन मोकळं करा" म्हटलं की तोंडाला कुलूप लागतं. "नळ गळतोय, बघता का?" म्हटलं की पान्हा घेऊन निघतात.

---

उत्तररात्र

जुना_वाचक, छान लिहिलंत, पण एक बोचतं. गरोदर बाई, दोन पोरी, आडमुठा नवरा, नवं घर, आणि वर शेजारच्या खडूस काकांना जगवायचं कामही तिचंच? अशा कथांमध्ये दुःखी पुरुषाला हसवायला कुणीतरी उत्साही, बडबडी, शक्यतो परदेशातून आलेली बाई किंवा एखादं मूल पाठवलं जातं. तिच्या दुःखाचं काय, ते विचारायला कुणाला सवड नसते. परवानेह आपला देश सोडून आली आहे. तो शोक कादंबरीत किती पानं खातो?

त्या मानाने टोव्हा आणि मार्सेलसचा व्यवहार मला बरोबरीचा वाटला. कैद दोघांनाही आहे.

---

जुना_वाचक

आक्षेप रास्त आहे. उत्तर माझ्याकडे नाही.

---

समुद्रकाठ

मी हर्णैच्या बाजूची. टोव्हाची गोष्ट मला परकी वाटलीच नाही, कारण न परतलेल्या होड्यांची घरं आमच्याकडे आहेत. माणूस दर्यात गेला आणि मिळाला नाही तर घरच्यांचं काय होतं ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. मयत नाही, म्हणून दहावं-तेरावं कशाचं करायचं? बाईने कुंकू ठेवायचं की पुसायचं? ठेवलं तरी लोक बोलतात, पुसलं तरी आधी सासूच म्हणते, "माझ्या पोराला मारलंस." जुन्या शास्त्रात यावर तोड आहे : बारा वर्षं वाट बघून पळसाच्या पानांची प्रतिमा करायची आणि तिला अग्नी द्यायचा, पालाशविधी म्हणतात. कायदा सात वर्षं म्हणतो. बँक, विमा, शिधापत्रिका, सगळं तोवर लटकलेलं.

माझी एक दूरची आत्ये या चक्रातून गेली. तिच्या घरी सगळे जाऊन एकच बोलायचे, "येईल गो", नाहीतर "आता धर सोड गो". तिला दोन्ही नको होतं. ती जाऊन बसायची ती बंदरावर बर्फ फोडणाऱ्या बिहारी पोराजवळ. त्याला कोकणीचं ओ की ठो कळत नव्हतं, हिला हिंदी नीट येत नव्हतं. तो तिला खैनी मळून दाखवायचा, ती त्याच्यासाठी भाकरी न्यायची. गावात त्यावरूनही चर्चा झाली, ती व्हायचीच.

(अवांतर : आमच्याकडे ऑक्टोपसचा चुलत भाऊ म्हाकूल थेट तव्यावर जातो, त्यामुळे मार्सेलसची आत्मकथा वाचताना पहिली पन्नास पानं जरा अपराधी वाटलं.)

---

सहज_बोला

मी समुपदेशक आहे. समुद्रकाठ यांनी जे लिहिलं त्याला आमच्या क्षेत्रात स्वतंत्र जागा आहे. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकापासून अशा अनिश्चित हानीवर काम केलं : माणूस गेला हेही नक्की नाही आणि आहे हेही नाही. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरांपासून त्यांनी सुरुवात केली. अशा घरांना "आता स्वीकारा" हा सल्ला लागू पडत नाही, कारण स्वीकारायचं काय तेच ठरलेलं नसतं. टोव्हाने फाइल मिटवली नाही याला आजार म्हणू नये.

दुसरं, शोकाच्या पाच पायऱ्यांचं चित्र व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतं. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मृत्युशय्येवरच्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. माझ्याकडे येणारे लोक "मी कितव्या पायरीवर आहे?" विचारतात तेव्हा त्यांना आधी त्या जिन्यावरून खाली उतरवावं लागतं. मला जास्त पटते ती स्ट्रोब आणि शूट या अभ्यासकांची १९९९ची मांडणी. शोकातलं माणूस दोन ठिकाणी ये-जा करत असतं. कधी गेलेल्याकडे तोंड, कधी रोजच्या कटकटींकडे : बिल भरणं, नवी कामं शिकणं, नवी माणसं. ही ये-जा हवीच. कुठेही एकीकडेच अडकलं की त्रास वाढतो.

इथे निळी_शाई ताईंचा विजोड मित्र बसतो. गेलेल्याला ओळखणारी माणसं नकळत पहिल्या बाजूलाच धरून ठेवतात. अनोळखी माणूस दुसऱ्या बाजूचं दार उघडतो. मात्र ओव्हेचा उल्लेख झाला म्हणून एक स्पष्ट लिहिते. मरणाचे विचार येत असतील तर शेजारीण दार वाजवील याची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

---

वाटाण्याच्या_अक्षता

+१. वाचनखूण साठवली.

---

तिसरी_घंटा

आलो. रुमाल उचलतो.

रितेश बत्राचा 'लंचबॉक्स', २०१३. बहुतेकांना तो इला आणि साजन फर्नांडिसची प्रेमकथा म्हणून आठवतो. चुकून दुसऱ्याच टेबलावर गेलेला डबा, त्यातल्या चिठ्ठ्या वगैरे. मी तो अनेकदा पाहिलाय आणि दर वेळी मला वाटतं की त्यातली खरी विजोड मैत्री फर्नांडिस आणि शेखची आहे.

फर्नांडिस विधुर. विमा दाव्यांच्या विभागात पस्तीस वर्षं आकडे तपासून आता मुदतीआधीच निवृत्ती घेतोय. गल्लीतल्या पोरांचा चेंडू अंगणात आला तर परत देत नाही. रात्री बायकोने टेप करून ठेवलेली 'ये जो है जिंदगी' लावून बसतो. (दूरदर्शनवर ती बघताना बायको कशी हसायची ते तो इलाला लिहितो. तो प्रसंग इरफानने असा केलाय की त्यावर मी काही लिहीत नाही.) त्याच्या जागी येणारा शेख. चिकट, गोडबोल्या, न विचारता समोर बसून जेवणारा. फर्नांडिस त्याला टाळतो, हाकलतो, काम शिकवत नाही. शेख काही हटत नाही. लोकलमध्ये ऑफिसच्या फाइलींवर भाजी चिरतो! हळूहळू लक्षात येतं की हा अनाथ आहे. "अम्मी म्हणायची" असं म्हणून वाक्यं टाकतो, आणि अम्मीच नाही. तसं म्हटलं की बोलण्याला वजन येतं, हे त्याचं स्पष्टीकरण. शेवटी त्याच्या निकाहात मुलाकडचा माणूस म्हणून फर्नांडिस उभा राहतो.

केलं काय, तर शेखने या माणसाला वडीलधारा करून टाकलं. परवानगी न घेता. बायको गेल्यावर फर्नांडिस कुणाचाच कुणी उरला नव्हता.

आणि देशपांडे आंटी! अख्ख्या सिनेमात भारती आचरेकर एकदाही दिसत नाहीत, वरच्या मजल्यावरून नुसता आवाज आणि टोपलीतून उतरणारे मसाले. नवरा कित्येक वर्षं कोमात, छताच्या पंख्याकडे बघत पडलेला, आणि ही बाई खालच्या मुलीला कशात काय घालायचं ते सांगतेय. उत्तररात्र, तुम्ही विचारलंत ना, मदत करणाऱ्याच्या दुःखाचं काय? इथे ते दोन-चार वाक्यांत येतं, पण येतं.

---

उत्तररात्र

देशपांडे आंटी मान्य. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मुलांच्या शोकाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून 'किल्ला'. अविनाश अरुणचा पहिला सिनेमा. बर्लिनमध्ये २०१४ साली मुलांच्या परीक्षकमंडळाकडून क्रिस्टल बेअर मिळालं आणि आपल्याकडे प्रदर्शित झाला २०१५ मध्ये. चिन्मयचे वडील गेलेत, आईची (अमृता सुभाष) बदली पुण्याहून कोकणात. शहरी, स्कॉलरशिपवाला, घुमा मुलगा. आणि वर्गात बंड्या : पार्थ भालेरावने केलेला तो वांड, अभ्यासाशी उभा दावा असलेला, तोंडाने फाटका पोरगा. चिन्मयच्या आईने निवडून दिला नसता असा मित्र.

मला हा सिनेमा वरच्या सगळ्या उदाहरणांपेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण यात मैत्री दगा देते. सगळे मिळून किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो आणि पोरं चिन्मयला तिथेच टाकून निघून जातात. ज्याला एकदा बाप सोडून गेलाय त्याला त्या ओल्या दगडांमध्ये काय वाटलं असेल, हे कुणी बोलून दाखवत नाही. मुलांना आपण काय केलं ते कळलेलंसुद्धा नसतं. पुढे पुन्हा जमतं, जमतंय तोवर आईची पुन्हा बदली. नातू वगैरे कुणी सापडत नाही. टोमणे_मोफत, तुम्ही हा पाहिलाय का?

एक अजून. आई आणि मुलगा एकाच माणसासाठी झुरतायत, एकाच घरात राहतात आणि एकमेकांशी त्याबद्दल बोलू शकत नाहीत. मला वाटतं बाहेरचा मित्र लागतो तो याच कारणाने. घरातला प्रत्येक जण समोरच्याला जपत असतो.

---

निळी_शाई

शेवटचं वाक्य माझ्या घरातलं आहे. मुलगी माझ्यासमोर रडत नाही, मी तिच्यासमोर.

सहज_बोला, जिन्यावरून खाली उतरवणं आवडलं.

---

टोमणे_मोफत

'किल्ला' पाहिलाय. आवडलाय. हे कुठे बोलू नका.

आता जरा खरं लिहितो. आई दिवाळीच्या आधी गेली. बाबा एकटे बोरिवलीत, आम्ही पुण्यात. फोन केला की "ठीक आहे" आणि हवामान. हा धागा वाचून परवा जुना_वाचक यांचा पान्ह्याचा सिद्धान्त वापरून पाहिला. घरचा मिक्सर घेऊन गेलो, म्हटलं बिघडलाय, तुम्हीच बघा, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. बाबांनी मिक्सर लावला, तो व्यवस्थित फिरला. माझ्याकडे एकदा बघितलं, आत गेले आणि पेपर घेऊन बसले. निघताना म्हणाले, "पुढच्या वेळी यायचं असेल तर नुसता ये. मिक्सर आणू नकोस."

तेव्हा तुमच्या सगळ्या कथा घरी ठेवा.

---

जुना_वाचक

टोमणेराव, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. फार आवडले.

---

निळी_शाई

अहो, पण मिक्सर चालू होता ना! परवानेहला खरंच गाडी येत नव्हती. शेखला खरंच कुणी नव्हतं. मार्सेलस खरंच वायरींमध्ये अडकला होता. "यांना बरं वाटावं म्हणून आपण काहीतरी मागू या" असं ठरवून मागितलं की ते सांत्वनच झालं, फक्त मिक्सरमधून. आणि ते तुमच्या बाबांनी पाच सेकंदांत ओळखलं. मला गेल्या वर्षभरात अशा कितीतरी जणींनी पुरणपोळीची कृती विचारली, ज्यांच्या पोळ्या माझ्याहून सरस होतात.

तुम्ही त्यांचा मुलगा आहात, तुम्हाला विजोड मित्र होताच येणार नाही. ते पद तुमच्यासाठी नाही. तुम्ही नुसते जा. त्यांनी सांगितलंच आहे.

---

सहज_बोला

"यायचं असेल तर नुसता ये" हे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. परत एकदा वाचा.

---

प्राणिमास्तर

बाबा करायचे काय? म्हणजे नोकरी?

---

टोमणे_मोफत

दुय्यम निबंधक कार्यालयात होते. दस्तनोंदणी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून कुणाचं खरेदीखत हातात पडलं तर चष्मा काढून, पुसून, परत लावून वाचतात. सोसायटीच्या डीम्ड कन्व्हेयन्सचं (बिल्डर टाळत असला की जमिनीची मालकी सरकारदरबारातून सोसायटीच्या नावावर करून घेण्याचं) सगळं त्यांनीच तडीस नेलं होतं, आईने तेव्हा वैतागून जेवणाच्या टेबलावर कागद आणायला बंदी घातली होती.

सहज_बोला, वाचलं परत. शनिवारी जातोय. मिक्सर न घेता.

---

तिसरी_घंटा

थांबा, थांबा. डीम्ड कन्व्हेयन्स? बोरिवलीत? आमच्या सोसायटीचं चार वर्षं अडकलंय, बिल्डर गायब, वकील फक्त तारखा सांगतो आणि सेक्रेटरी मी आहे, कारण सभेला उशिरा पोचलो. फाइल दोन पिशव्यांत मावते. बाबा भेटतील का? त्यांना विचारून मला व्यक्तिगत निरोप करा. कांदिवलीला राहतो, रविवारी सकाळी पिशव्या घेऊन येऊ शकतो.

---

टोमणे_मोफत

विचारलं. म्हणाले, सातबारा आणि मंजूर नकाशा आहे का, नसेल तर येऊ नका म्हणावं. आणि दहाच्या आत या.